तीस सेकंदांची नोकरी

पुण्याहून सोलापूरकडे निघाले की हडपसर, मांजरी मागे पडतात आणि लोणी काळभोर येते. कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, पेट्रोलियम कंपन्यांचे डेपो, टँकरच्या रांगा, राजबागेतले विद्यापीठ आणि दरवर्षी थोडे पुढे सरकणारे पुणे शहर या गावात एकमेकांना खेटून उभे आहेत. अशा निम्म्या गावाच्या, निम्म्या शहराच्या वस्तीत एखाद्या पोराच्या पायात वेग आणि अंगात चपळाई दिसली की कबड्डीच्या मैदानावर त्याच्या वाट्याला चढाई येते. पूर्वी अशा पोराच्या स्वप्नाची कमान ठरलेली होती. मंडळाचा संघ, मग जिल्हा, मग राज्य आणि शेवटी एखाद्या बँकेत, रेल्वेत किंवा पोलिसांत नोकरी. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि या कमानीवर एक मजला चढला. आता पोराला आणि त्याच्या घरच्यांनाही टीव्हीवरचा लिलाव दिसतो आणि चढाईपटूची किंमत लाखांत, कोटींत बोलली जाते. ही किंमत खोटी नाही. पण तिच्यावरून कारकिर्दीचे माप घ्यायला गेले की हिशेब चुकतो. व्यावसायिक चढाईपटूचे भांडवल म्हणजे त्याचे शरीर, आणि ते प्रत्येक चढाईगणिक झिजते. म्हणून त्याच्या कारकिर्दीत सर्वात मोठी बोली किती लागली यापेक्षा बोली थांबल्यावर पायाखाली काय उरले, हा प्रश्न महत्त्वाचा. दुर्दैव असे की छत उंच होत असताना महाराष्ट्रातली ही जमीनच भुसभुशीत होत चालली आहे.

हे नीट समजायला आधी एका परक्या खेळाकडे पाहू. अमेरिकन फुटबॉलमध्ये ‘रनिंग बॅक’ नावाचा खेळाडू असतो. लंबगोल चेंडू बगलेत दाबून समोरच्या अकरा जणांच्या भिंतीतून फट शोधत पळायचे आणि कोणीतरी आडवे पाडेपर्यंत जितके अंतर कापता येईल तितके कापायचे, हे त्याचे काम. तिथल्या लहान गावांत शाळेच्या संघाचा रनिंग बॅक म्हणजे गावाचा लाडका. सगळ्यांना दिसणारा, सगळ्यांना समजणारा खेळ तोच खेळतो. पण व्यावसायिक संघांच्या हिशेबात मात्र याच जागेवरचा माणूस सर्वात लवकर खर्ची पडतो. या जागेवरची सरासरी कारकीर्द अडीच वर्षांच्या आसपास असते, असा आकडा तिथे नेहमी सांगितला जातो. कारण उघड आहे. सेक्वॉन बार्कले या खेळाडूने २०२४ च्या हंगामात ३४५ वेळा चेंडू घेऊन धाव घेतली आणि २००५ यार्ड कापले. फार मोठा पराक्रम आहे हा. पण उलट बाजूने वाचले तर तीनशेहून अधिक वेळा शंभर-शंभर किलोंची माणसे त्याच्या अंगावर येऊन आदळली, असाही त्याचा अर्थ होतो.

आता कबड्डीचे मैदान डोळ्यांसमोर आणू. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. म्हणजे चढाईपटूला समोर जेमतेम साडेसहा मीटर खोलीचा प्रदेश आणि त्यात सात जण. चढाईला ३० सेकंद. मध्यरेषा ओलांडली की पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. चढाईपटू निदान रेषेजवळ घोटाळतो, अंग डावीकडे झुकवतो, कोपऱ्यातला गडी अर्धे पाऊल पुढे येतो. तेवढ्यात चढाईपटू उजवा पाय लांबवून बोट टेकवतो आणि परततो. हे सगळे पाऊण सेकंदात. जमले तर एक गुण. फसले तर कोपरारक्षकाच्या दोन्ही हातांत त्याचा चवडा अडकतो, मधला गडी मांडीला मिठी मारतो आणि उरलेले साखळी करून त्याच्यावर कोसळतात. अडकलेला पाय जागच्या जागी, आणि अंगाचा सगळा वेग मध्यरेषेकडे. या दोन ओढींच्या मधोमध असतो गुडघा. त्यातले अस्थिबंध अशा पिळाला फार काळ दाद देत नाहीत. शिवाय पडताना मध्यरेषेला हात पोहोचवण्यासाठी चढाईपटू खांदा ताणून झेप घेतो आणि पाठीवर दोन-तीन माणसांचे ओझे असतानाच तो हात जमिनीवर आपटतो. म्हणून खांदाही गुडघ्याइतकाच धोक्यात. ४० मिनिटांच्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे ८० चढाया होतात. त्यातल्या निम्म्या एका संघाच्या, आणि त्यातल्या पंधरा ते वीस बहुतेक वेळा एकट्या मुख्य चढाईपटूच्या. साखळी फेरीत २२ सामने धरले तर हंगामाला साडेतीनशेच्या आसपास चढाया झाल्या. बार्कलेच्या ३४५ धावांशी हा आकडा जुळतो तो योगायोगाने, पण कामाची जातकुळी एकच आहे, हे त्यातून ध्यानात येते.

या कामाचा आलेख महाराष्ट्रात सर्वात ठळकपणे दिसतो तो सिद्धार्थ देसाईच्या कारकिर्दीत. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, बेळगावच्या शेजारी, चंदगड तालुका. तिथल्या हुंदळेवाडीचा हा खेळाडू. २०१८ च्या लिलावात यू मुंबा संघाने त्याला ३६ लाख ४० हजार रुपयांना घेतले तेव्हा कबड्डीच्या वर्तुळाबाहेर त्याचे नाव फारसे कोणाला माहीत नव्हते आणि त्याचे वय सव्वीस होते. त्या पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण मिळवले. उंच, रुंद बांध्याचा, पकडीत सापडूनही दोघा-तिघांना ओढत मध्यरेषेपर्यंत नेणारा असा हा चढाईपटू. प्रेक्षकांनी त्याला ‘बाहुबली’ नाव दिले ते उगाच नाही. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. त्या लिलावातली ही सर्वात मोठी बोली होती. संघ गुणतक्त्यात तळाशी घुटमळला, पण देसाईने पुन्हा २१७ गुण काढले. इथवरची गोष्ट वर्तमानपत्रांना आवडणारी आहे. खरी शिकवण पुढे आहे. करोनामुळे २०२० मध्ये लीग झालीच नाही. २०२१ मध्ये टायटन्सने त्याला १ कोटी ३० लाखांना परत राखले. हंगाम सुरू झाला आणि खांद्याच्या दुखापतीने तो तीन सामन्यांतच बाहेर पडला. पुढच्या लिलावात त्याची किंमत एक कोटीच्या पुष्कळ खाली घसरली. दहाव्या हंगामाआधी हरियाणा स्टीलर्सने पुन्हा एक कोटी दिले आणि त्यानंतरच्या लिलावात दबंग दिल्लीकडे जाताना बोली परत लाखांवर आली. सहा वर्षांतले हे चढउतार कौशल्य वाढल्याचे किंवा आटल्याचे निदर्शक नाहीत. एका खांद्याच्या प्रकृतीबद्दल बाजाराने दरवर्षी बांधलेले ते अंदाज आहेत.

पुण्यापुरते बोलायचे तर दुसरे उदाहरण अधिक जवळचे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातून आलेला अस्लम इनामदार हा पुणेरी पलटणचा चढाईपटू आणि कर्णधार. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात तो होता आणि महाराष्ट्राचाच आकाश शिंदेही होता. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिल्यांदा विजेतेपद घेतले. त्या वेळी समोरच्या संघाच्या ताफ्यात सिद्धार्थ देसाई होता. पुढच्या हंगामात अस्लमचा गुडघा दुखावला, तो बाहेर बसला आणि गतविजेता संघ बाद फेरीतही पोहोचला नाही. तो परतला त्या २०२५ च्या हंगामात पलटण पुन्हा अंतिम सामन्यात होती आणि दिल्लीकडून २८-३१ अशी अवघ्या तीन गुणांनी हरली. पलटणच्या या तीन हंगामांत इतरही अनेक गोष्टी बदलल्या असतील, सगळे श्रेय-अपश्रेय एका गुडघ्यावर टाकता येणार नाही. तरी चढाईपटूचे मोल आणि त्याची नाजूकता या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे यावरून दिसते. संघ ज्याच्यावर सर्वाधिक उभा असतो, तोच सर्वाधिक वेळा पकडला जातो.

अमेरिकेत ही गोष्ट अधिक क्रूर आकड्यांत दिसते. उत्तर कॅरोलायनातल्या टारबरो या छोट्या गावचा टॉड गर्ली २०१५ साली रॅम्स संघात आला. २०१७ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला आणि २०१८ मध्ये त्याच्याशी नवा करार झाला. त्यात साडेचार कोटी डॉलर हमीचे होते. नंतर गुडघ्याने असहकार पुकारला आणि मार्च २०२० मध्ये संघाने त्याला मोकळे केले. दुसऱ्या संघात एक हंगाम खेळून सव्विसाव्या वर्षी त्याचा खेळ संपला. देसाईची पहिली बोली लागली तेही सव्विसाव्या वर्षीच. यातून अमेरिकन संघमालकांनी धडा घेतला तो असा, की रनिंग बॅकला पहिल्या स्वस्त करारात पुरते वापरून घ्यावे आणि मोठा करार द्यायची वेळ आली की नवा पोरगा आणावा. बाजाराला यात निष्ठुरता दिसत नाही, शहाणपण दिसते. म्हणूनच खेळाडूने स्वतःचा हिशेब बाजाराच्या हवाली करू नये.

कबड्डीचा बाजारही आकड्यांनी तपासू. लीगमध्ये १२ संघ. अलीकडच्या लिलावांत प्रत्येक संघाची खरेदीची मर्यादा ५ कोटी रुपये. संघात वीस-एक खेळाडू घेतले तर सरासरी पंचवीस लाख. पण एका खेळाडूवर दोन कोटी गेले की उरलेल्या एकोणीस जणांत तीन कोटी राहतात. लिलावात अ गटाची पायाभूत किंमत ३० लाख, ब गटाची २०, क गटाची १३ आणि ड गटाची ९ लाख. टीव्हीवर ठळकपणे दिसते ती वरच्या दोघा-चौघांची बोली. खालच्या रांगेतला खेळाडू नऊ-तेरा लाखांत हंगाम काढतो आणि पुढच्या वर्षी बोली लागेल याची त्याला खात्री नसते. देशभरातून मुख्य चढाईपटूच्या जागा मोजल्या तर बारा संघांच्या प्रत्येकी दोन म्हणजे चोवीस. या चोवीस जागांसाठी हरियाणा, राजस्थान, उत्तर प्रदेश, तमिळनाडू, कर्नाटक आणि आपण असे सगळे रांगेत. पुणे जिल्ह्यातल्या एका गावातून या चोवीसांत कोणी पोहोचणे अशक्य नाही. पण पंधरा वर्षांच्या पोराच्या सगळ्या आयुष्याची मांडणी या चोवीस जागांवर करणे म्हणजे एकाच वाफ्यात सगळे बियाणे पेरणे.

यावर पहिला आक्षेप येईल तो तुलनेवरच. कबड्डी म्हणजे अमेरिकन फुटबॉल नव्हे. तिथे सव्वाशे-दीडशे किलोंची माणसे वेगाने येऊन धडकतात, डोक्याला मार बसून मेंदूचे कायमचे नुकसान होते. इथे वजनाला ८५ किलोंची मर्यादा आहे, चढाई ३० सेकंदांची आहे आणि खाली मॅट आहे. आक्षेप बरोबर आहे, आणि डोक्याच्या दुखापतीपुरता तो मान्यच करायला हवा. पण कारकीर्द तोकडी होण्याचे कारण फक्त धडकेचे वजन नसते. वारंवारता आणि एकाच सांध्यावर पुन्हापुन्हा येणारा ताण हीही कारणे असतात आणि ती दोन्ही खेळांत सारखीच आहेत. मॅटचे म्हणाल तर तिने खरचटणे कमी केले, पण वेग वाढवला. मातीत पाय थोडा घसरतो, मॅटवर बुटाचा तळवा घट्ट पकडून राहतो. घसरणारा पाय गुण घालवतो, न घसरणारा पाय कधीकधी गुडघा घालवतो. शिवाय लीगने खेळाचा रेटाही वाढवला. सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. समोर तीन किंवा त्याहून कमी गडी असताना झालेल्या अव्वल पकडीला दोन गुण मिळतात, म्हणून बचाव करणारे अधिक त्वेषाने अंगावर येतात. प्रेक्षकांसाठी हे नियम उत्तम आहेत. पण त्यांनी चढाईपटूला सुरक्षितपणे वेळ काढून परत येण्याची मुभा ठेवलेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काही चढाईपटू दहा-दहा हंगाम खेळले. मग कारकीर्द अल्प कशी? अजय ठाकूरसारखा चढाईपटू पस्तिशीपर्यंत खेळलाच की. तसा अमेरिकेतही फ्रँक गोर सोळा हंगाम धावला. अपवाद आहेत आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. पण या आक्षेपाचे सर्वात मोठे उदाहरण म्हणजे परदीप नरवाल, आणि त्याची कारकीर्द नीट वाचली तर ती उलट साक्ष देते. हरियाणातल्या सोनिपत जिल्ह्यातला हा चढाईपटू. २०१७ च्या एका हंगामात त्याने चढाईचे ३६९ गुण घेतले. एकूण कारकिर्दीत १८०१. लीगच्या इतिहासात त्याच्याइतके गुण कोणी घेतलेले नाहीत. २०२१ मध्ये त्याच्यावर १ कोटी ६५ लाखांची बोली लागली, त्या वेळचा तो विक्रम होता. पुढच्या लिलावांत किंमत पायरीपायरीने उतरत गेली आणि २०२५ च्या लिलावात कोणीही त्याला घेतले नाही. त्यानंतर त्याने निवृत्ती जाहीर केली. वय अठ्ठावीस. त्याच २०२५ च्या हंगामात दिल्लीच्या विजयी संघात बचावफळीत खेळत होता इराणचा फजल अत्राचली. वय तेहतीस. तोही लीगच्या सुरुवातीच्या वर्षांपासून खेळतो आहे. दोन माणसांवरून सिद्धांत मांडता येत नाही हे खरे. पण पकड करणाऱ्याला आपण केव्हा झेप घ्यायची ते निवडता येते. चढाईपटूला मात्र दर वेळी सात जणांच्या निवडीला सामोरे जावे लागते. हा फरक वयाच्या आकड्यांत उतरला तर नवल नाही.

मग पूर्वीचे चढाईपटू काय करत होते? इथे महाराष्ट्राने खेळाला दिलेली एक देणगी आपण विसरतो. हुतुतूला नियमबद्ध रूप याच मुलखात मिळाले, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या खेळाचे प्रात्यक्षिक तिथे दाखवले, बुवा साळवींनी आयुष्य वेचून संघटना उभी केली. हे सगळे क्रीडा इतिहासात येते. पण याच्याबरोबर एक आर्थिक रचनाही उभी राहिली, तिच्याबद्दल क्वचितच लिहिले जाते. बँका, रेल्वे, बंदर, विमान कंपनी, तेल कंपन्या, पोलीस यांनी कबड्डीचे संघ बाळगले. गावातला, चाळीतला चांगला खेळाडू तिथे चिकटला की खेळ चालू राही आणि खेळ संपल्यावर टेबल असे. गुडघा गेला तरी पगार जात नसे, आणि संध्याकाळी तोच माणूस मंडळाच्या मैदानावर पोरांना चवडा कसा काढायचा ते शिकवायला येई. म्हणजे एकाच नोकरीने दोन कामे होत होती. खेळाडूचा विमा आणि पुढच्या पिढीचा प्रशिक्षक. ११ वर्षांच्या खंडानंतर २०१८ मध्ये महाराष्ट्राने राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले तेव्हा कर्णधार होता मुंबईचा रिशांक देवाडिगा. लीगमध्ये गाजलेला चढाईपटू, आणि नोकरीला भारत पेट्रोलियममध्ये. लोणी काळभोरच्या रस्त्यावरून ज्या कंपन्यांचे टँकर रोज सुटतात त्यांच्यापैकीच ही एक. नव्या मजल्याला जुनी जमीन कशी आधार देत होती, ते या एका नावात दिसते.

ही जमीन आता पातळ होते आहे. १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक बँक ऑफ बडोदात विलीन झाली. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया सरकारकडून टाटा समूहाकडे गेली. दोन्ही निर्णयांची कारणे कबड्डीशी संबंधित नव्हती, आणि बँका-कंपन्यांनी खेळाडूंसाठी तोटा सोसावा असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या संस्थांच्या नावाने एकेकाळी स्थानिक स्पर्धांचे फलक भरत त्यांची संख्या घटली की खेळाडूसाठी असलेल्या जागाही आपोआप घटतात. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण महाराष्ट्रात आहे. ते मोलाचे आहे, पण तिथे पदक किंवा ठरावीक पातळीवरचे प्रमाणपत्र लागते, भरती निघावी लागते आणि वयाची अट पाळावी लागते. लीगमध्ये तीन हंगाम खेळून दुखापत झालेल्या, राज्य संघात मात्र न बसलेल्या तिशीतल्या चढाईपटूला या खिडकीतून आत शिरता येईलच असे नाही.

इथे तिसरा आक्षेप उभा राहतो आणि तो स्वभावाबद्दल आहे. नोकरीची हमी दिली की खेळाडू सुस्तावतो, हमी नसेल तरच तो जिवावर उदार होऊन खेळतो, असे म्हटले जाते. मराठी खेळाडू मागे पडले ते नोकरीच्या उबेमुळेच, असाही सूर निघतो. पुरावा मात्र तसे सांगत नाही. यू मुंबाला २०१५ मध्ये विजेतेपद मिळवून देणारा अनुप कुमार पोलीस खात्यात होता, अजय ठाकूर हिमाचल पोलिसांत अधिकारी होता. हरियाणाचे वर्चस्व उभे राहिले ते नोकरी नाकारून नव्हे, तर नोकरी खेळाशी घट्ट बांधून. सुस्ती येते ती हमीमुळे नव्हे, स्पर्धा नसल्यामुळे. आणि जिवावर उदार होऊन खेळणाऱ्याचा एक धोकाही असतो. ज्याच्याकडे दुसरा आधार नाही तो दुखरा गुडघा लपवतो, सुई टोचून घेऊन मॅटवर उतरतो, कारण एक सामना चुकला तर पुढची बोली बुडेल अशी त्याला भीती असते. आधार असलेला खेळाडू सहा आठवडे थांबू शकतो. आधार कारकीर्द मंद करत नाही, लांबवतो.

अमेरिकेच्या व्यवस्थेतून घेण्यासारखी एक गोष्ट आहे, आणि ती पैशांची नाही. तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये शाळा संपल्यावर तीन वर्षे झाल्याशिवाय खेळाडूला प्रवेश नाही. ती वर्षे बहुतेकांची महाविद्यालयात जातात, खेळाच्या शिष्यवृत्तीवर. या व्यवस्थेवर टीका पुष्कळ झाली आहे. महाविद्यालये खेळाडूंच्या जिवावर पैसा मिळवतात आणि अनेकांचे शिक्षण नावापुरते राहते, हे तिथेच बोलले जाते. तरीही बोली संपल्यावर पुन्हा उभे राहायला एक पायरी असते. आपल्याकडे चढाईपटूची बारावी आणि त्याचा कुमार गटाचा महत्त्वाचा हंगाम एकाच वर्षात येतात आणि बहुतेक घरांत त्यातली एकच गोष्ट पुढे सरकते. लोणी काळभोरसारख्या ठिकाणी, जिथे विद्यापीठ आणि कबड्डीचे मैदान हाकेच्या अंतरावर आहेत, तिथे दोन्ही साधणे तितके अवघड नसावे. हजेरीत सवलत, परीक्षेच्या तारखांत मुभा आणि वसतिगृहात जागा इतके मिळाले तरी पुष्कळ. लीगच्या बाजूने पाहिले तर हंगाम संपल्यानंतरही दुखापतीचा खर्च उचलणारा विमा आणि खेळाडू ज्या मंडळात घडला त्याला बोलीतला एक ठरलेला वाटा, या दोन गोष्टी अशक्य कोटीतल्या नाहीत. जागतिक फुटबॉलमध्ये खेळाडू एका क्लबातून दुसरीकडे विकला गेला की त्याला लहानपणी घडवणाऱ्या क्लबला रकमेचा अंश मिळतो. हुंदळेवाडीच्या मैदानाला सव्वा-दीड कोटीतला असा एक ठरलेला अंश मिळाला असता तर मॅट, दिवे आणि प्रशिक्षकाच्या मानधनाला हातभार लागला असता.

या साऱ्या चर्चेत मुली कुठे आहेत, असे विचारले तर उत्तर आणखी स्पष्ट मिळते. २०१६ मध्ये तीन संघांची एक छोटी महिला स्पर्धा प्रो कबड्डीच्या जोडीने झाली. पुरुषांच्या लीगसारखी ती दरवर्षीची झाली नाही. म्हणजे अभिलाषा म्हात्रेसारखी, २०१२ मध्ये पाटण्याला विश्वचषक जिंकणाऱ्या संघातली महाराष्ट्राची चढाईपटू घडली ती बोलीच्या आशेवर नव्हे, तर मंडळ, राज्य संघटना आणि नोकरी याच जुन्या जमिनीवर. लीग नसताना खेळाडू घडतात याचा हा पुरावा आहे. जमीन नसताना लीग खेळाडू घडवते, याचा पुरावा मात्र अजून कोणी दिलेला नाही. लीग तयार खेळाडू विकत घेते. तयार करण्याचे काम अजूनही मातीतच चालते.

मग पोरांनी चढाईपटू होऊच नये का? उलट, व्हावेच. लोणी काळभोरच्या शेतकऱ्याला हा हिशेब नव्याने शिकवायची गरज नाही. लागणीच्या पहिल्या वर्षी उसाला जो उतारा मिळतो तो तोडीनंतर पुन्हा फुटणाऱ्या खोडव्याला मिळत नाही, हे त्याला ठाऊक असते. म्हणून तो लागण सोडत नाही, खोडव्याचा अंदाज बांधून चालतो. आणि एकाच गिऱ्हाइकावर सगळे रान अवलंबून ठेवले की काय होते, हे थेऊरचा यशवंत सहकारी साखर कारखाना २०११ च्या सुमारास बंद पडला तेव्हा या पट्ट्याने पाहिले आहे. ऊस शेतात उभा, तोड दूरच्या कारखान्याच्या हातात. चढाईपटूच्या बाबतीत बाजार हाच तो एकमेव कारखाना होऊ पाहतो आहे. वीस ते तीस ही त्याची लागणीची वर्षे, त्यानंतरचा सगळा खोडवा. लिलावाच्या रात्री गावात फटाके वाजावेत, त्यात वावगे काही नाही. पण त्याच रात्री घरातल्या शहाण्या माणसाने एक साधा प्रश्न विचारून ठेवावा. या पोराचा गुडघा उद्या दुखावला, तर परवा सकाळी तो कुठे जाईल? या प्रश्नाला उत्तर असलेला चढाईपटू मध्यरेषा निर्धास्त ओलांडतो, कारण परत यायला त्याच्यामागे अर्धे मैदान असते.